स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे : चौथ्या दिवशी घोळणा फुटला, बंद करायचा का?

जिनिंग_चोपडा

राम राम मंडळी. भावासाठी विचारतोय. वय ३४, जिनिंगमध्ये रेच्याजवळ, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राजवळ काम. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की रोज सकाळी पंधरा-वीस शिंका, नाकातून पाणी, आणि रात्री दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या. डॉक्टरांनी फ्लुटिकासोन फ्युरोएटचा स्प्रे दिला आहे. एका फवाऱ्यात २७.५ मायक्रोग्रॅम, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा, महिनाभर. आज चौथा दिवस. शिंका थोड्या कमी आहेत, पण नाक रात्री तसंच बंद. आणि आज उजव्या नाकपुडीतून रक्त आलं. त्याआधी दोन महिने तो झोपताना झायलोमेटाझोलिनचे थेंब घालत होता, ते अजून चालूच आहेत.

घरात सगळे म्हणताहेत की स्टिरॉइड आहे, सवय लागेल, सोड. त्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीला सर्दीचं एक इंजेक्शन घे आणि मोकळा हो. वडील ६३ वर्षांचे, शुगर आणि काचबिंदू दोन्ही. त्यांनाही हाच स्प्रे द्यायचं चाललंय. सात वर्षांच्या पुतणीला मोमेटासोनचा स्प्रे लिहून दिलाय, तो कुणी अजून फोडलेला नाही. नेमकं काय करावं?

औषधवाला_धुळे

दादा, सवयीचा प्रश्न आधी मिटवू, कारण तुमच्या घरी आरोप चुकीच्या बाटलीवर चाललाय. सवय लागते ती झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सीमेटाझोलिनची. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं. असर ओसरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि चक्र सुरू होतं. म्हणूनच ते तीन, फार तर पाच दिवसांपुरतं असतं. तुमच्या भावाला दोन महिने झाले. रात्री नाक बंद राहण्याचं मोठं कारण आता कापसाची धूळ नसून ते थेंबच असण्याची शक्यता आहे.

स्टिरॉइड स्प्रेचं काम उलट्या धाटणीचं. तो वाहिन्या आवळत नाही, ॲलर्जीमुळे आलेली सूज उतरवतो. पहिला फरक १२ तासांपासून जाणवू शकतो, पण पूर्ण असर यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे चौथ्या दिवशी 'नाक उघडलं नाही' म्हणून तो नापास करू नका. नाक बंद वाटलं की एक फवारा, असंही चालत नाही. रोज ठरलेल्या वेळी मारला तरच उपयोग. चुकून एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

थेंब सोडवायची रीत अशी. स्टिरॉइड स्प्रे रोज चालू ठेवायचा आणि थेंब आधी एकाच नाकपुडीतले बंद करायचे. ती आठवडाभर कुरकुर करेल, मग मोकळी होऊ लागेल. त्यानंतर दुसरी. ज्याला धीर आहे त्याने दोन्हीकडचे एकदम बंद केले तरी चालतात, पण त्या दहा-बारा रात्री त्रासाच्या जातात. हे डॉक्टरांना सांगून करा, कारण थेंब चालू आहेत हे त्यांना बहुधा माहीतच नसेल. मेडिकलवरून आपण घेतलेली बाटली चिठ्ठीवर नसते.

इंजेक्शनचं म्हणाल तर हंगामी सर्दीसाठी जे 'महिनाभर टिकणारं' इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम असतं. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. तुमच्या भावाचा रोजचा डोस ११० मायक्रोग्रॅम. हा डोस सलग ३६५ दिवस मारला तरी बेरीज ४०,१५० होते. वर्षभराच्या फवाऱ्यांइतकं औषध एका सुईने, तेही अख्ख्या अंगात. लोक फवाऱ्याला घाबरतात आणि सुईसाठी बाही वर करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कान_नाक_घसा

वरचा हिशोब वजनाचा म्हणून बरोबर आहे, पण औषधवाले दादा, त्यात एक दुरुस्ती हवी. फ्लुटिकासोन हे मायक्रोग्रॅममागे ट्रायमसिनोलोनपेक्षा पुष्कळ जहाल आहे. नुसती वजनं शेजारी ठेवून धोका मोजता येत नाही. स्प्रे सुरक्षित ठरतो तो वेगळ्या कारणाने. फवाऱ्यातला बराच भाग घशातून पोटात जातो, आणि तिथून यकृतात पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळा मोडला जातो. फ्लुटिकासोन फ्युरोएटचा रक्तात पोचणारा वाटा सुमारे अर्धा टक्का. ११० मायक्रोग्रॅमपैकी अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोमेटासोनचा एक टक्क्याहून कमी, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा दोन टक्क्यांहून कमी. जुन्या औषधांचं तसं नाही. बुडेसोनाइडचा साधारण तिसरा हिस्सा आणि बेक्लोमेटासोनचा त्याहूनही जास्त वाटा रक्तात जातो. बीटामेथासोनचे नाकात घालायचे थेंब तर आणखी वेगळे, ते दीर्घकाळ घातले तर अंगावर परिणाम दिसतातच. 'स्टिरॉइड' या एका शब्दाखाली हे सगळं एकाच माळेत ओवू नका. इंजेक्शनबद्दलचं दादांचं मत मात्र पूर्ण मान्य. त्याने शुगर आणि रक्तदाब चढतो, टोचल्या जागी कातडीला खड्डा पडू शकतो, आणि क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो.

आता रक्ताकडे. उजव्याच नाकपुडीतून आलं, म्हणून विचारते : भाऊ उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारतो का? आणि मारताना मान मागे टाकतो का?

जिनिंग_चोपडा

ताई, आत्ताच त्याला आरशासमोर करून दाखवायला लावलं. दोन्ही नाकपुड्यांत उजव्या हातानेच मारतो. मान मागे, आणि मारल्यावर जोरात सुर्रकन ओढतो. म्हणतो, ओढलं की घशात कडू लागतं, म्हणजे आत गेलं.

एक राहिलं. मांडीला गजकर्ण झालंय, त्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल तीन आठवड्यांपासून चालू आहेत. त्या वेगळ्या डॉक्टरांनी दिल्यात.

कान_नाक_घसा

कारण सापडलं. उजवा हात उजव्या नाकपुडीकडे नेला की मनगट वळतं आणि नळीचं टोक आपसूक मधल्या पडद्याकडे रोखलं जातं. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा तिथूनच. रोज त्याच ठिपक्यावर फवारा आपटला की तिथली त्वचा कोरडी होते, खपली धरते, बोट लागतं, रक्त येतं. घशात कडू लागणं ही औषध आत गेल्याची खूण नव्हे. नाकात थांबायला हवं होतं ते घशात गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

नीट पद्धत सांगते, त्याला आरशासमोरच करायला लावा. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करायचं. बाटली चांगली हलवायची, कारण औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, तळाशी बसतं. न हलवता मारलं तर आज नुसतं पाणी आणि महिनाअखेर गाळ. मान मागे नाही, किंचित पुढे, पायाची बोटं दिसतील इतकी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. टोक नाकपुडीच्या आत जेमतेम ठेवायचं, आणि रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मग दाबताना मोगरा हुंगावा इतक्याच हळू श्वास घ्यायचा आणि तोंडाने सोडायचा. दुसरा फवारा मारताना रोख थोडा बदलायचा. नंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरायचं नाही. घशात उतरलंच तर थुंकून चूळ भरावी.

नवी बाटली फोडली की आधी हवेत फवारे मारून पंप भरून घ्यायचा : फ्लुटिकासोन फ्युरोएटला सहा, मोमेटासोनला दहा. दाट धुकं निघालं की तयार. पिचकारीसारखी धार येत असेल तर डोस अर्धवट जातोय. मोमेटासोन आठवडाभर पडून राहिला तर पुन्हा दोन हवेत. फ्युरोएटचं टोपण पाच दिवस उघडं राहिलं किंवा महिनाभर वापरच झाला नाही, तर त्यालाही पुन्हा तयार करावं लागतं. टोक चोंदलं तर त्यात टाचणी कधीही घालू नका. भोक मोठं झालं की धुकं होत नाही, धार येते, आणि ती थेट पडद्यावर बसते. ज्या बाटलीचं टोक निघतं, ते आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचं. ज्याचं निघत नाही ते कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायचं.

सध्या उजव्या नाकपुडीतला स्प्रे दोन-तीन दिवस थांबवा, डावीत चालू ठेवा. उजवीत दिवसातून तीन-चार वेळा साध्या सलाइनचे थेंब. खपली बोटाने काढू नये. मग नव्या पद्धतीने पुन्हा सुरू. पुन्हा रक्त आलं तर खाली बसवून मान पुढे झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग अंगठा व बोटाने घट्ट दाबून पूर्ण दहा मिनिटं धरायचा. मध्ये सोडून बघायचं नाही, घड्याळ लावा. आपल्याकडे डोकं मागे टाकून टाळूवर पाणी ओततात, कांदा हुंगवतात. मान मागे गेली की रक्त पोटात जातं आणि थोड्या वेळाने काळी उलटी होते, घरचे आणखी घाबरतात. वीस मिनिटांत थांबलं नाही, किंवा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सरळ दवाखाना. श्वास घेताना नाकातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला तर तो पडद्याला भोक पडल्याचा इशारा असू शकतो. फार क्वचित होतं, पण तेव्हा स्प्रे बंद करून त्याच आठवड्यात नाक तपासून घ्यायचं.

इट्राकोनाझोलचं बरं झालं सांगितलंत. त्यावर औषधवाले दादा नीट सांगतील.

औषधवाला_धुळे

ही गोष्ट घोळण्यापेक्षा महत्त्वाची आहे. ताईंनी सांगितलं की यकृत हे औषध पहिल्या फेरीत मोडतं. ते मोडणारं जे विकर (एन्झाइम) आहे, तेच इट्राकोनाझोल अडवून धरतं. म्हणजे सुरक्षिततेचं जे मुख्य दार, त्यालाच कुलूप. रक्तातला स्टिरॉइडचा वाटा वाढतो, आणि दोन्ही जास्त दिवस एकत्र राहिले तर तोंड सुजणं, वजन चढणं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावणं, असं होऊ शकतं. केटोकोनाझोलच्या गोळ्यांचंही तेच. सगळ्यात गंभीर जोडी रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटची, ही एचआयव्हीच्या उपचारातली औषधं, म्हणून एआरटी केंद्रावरून औषधं चालू असणाऱ्यांनी हा स्प्रे तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

दोन-चार आठवडे साध्या डोसमध्ये दोन्ही एकत्र झाले म्हणून भावाला लगेच काही होईल असं नाही, घाबरू नका. पण गजकर्णाचे कोर्स हल्ली महिन्यामहिन्यांचे चालतात, म्हणून उद्याच दोन्ही चिठ्ठ्या एका डॉक्टरांसमोर ठेवा. कॅप्सूल संपेपर्यंत स्प्रेऐवजी दुसरं काही, किंवा गजकर्णासाठी टर्बिनाफिन, असा मार्ग ते काढू शकतात. आणि गजकर्णावर मेडिकलवरून आणलेलं तीन औषधं एकत्र असलेलं मलम लावत असेल तर ते थांबवा, त्यात बहुधा आणखी एक स्टिरॉइड असतं. दम्याचा पंप चालू असेल तर त्यातलंही स्टिरॉइड या बेरजेत धरायचं.

कान_नाक_घसा

वडिलांचं. मधुमेह असताना फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या नेहमीच्या डोसने शुगर हलण्याचं फारसं कारण नाही. पहिले दोन आठवडे दोन-तीनदा तपासा, म्हणजे मनात शंका राहणार नाही. काचबिंदूचं मात्र सांभाळून. नाकातल्या स्प्रेने डोळ्याचा दाब वाढण्याचं प्रमाण कमी असलं तरी ज्यांना आजार आहे त्यांनी सुरू करण्याआधी दाब मोजून घ्यावा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्प्रेचं नाव सांगा. पण त्याआधीचा प्रश्न असा की वडिलांना हा स्प्रे कशासाठी? घरात बाटली आहे म्हणून? त्यांचं नाक कुणी तपासलंय का? ६३व्या वर्षी नव्याने एकाच बाजूचं नाक बंद होणं, रक्तमिश्रित शेंबूड, वास जाणं, याला ॲलर्जी म्हणून स्प्रे मारत बसायचं नसतं. शिवाय बाटली एकाची एकालाच. टोक नाकात जातं, जंतू सोबत येतात. क्षयरोगाचा उपचार चालू असेल किंवा नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तरी आधी विचारावं.

पुतणीचं. मोमेटासोनचा डोस सातव्या वर्षी प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, दिवसातून एकदा, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. मोठ्यांचे दोन-दोन तिला मारायचे नाहीत. फवारा मोठ्या माणसाने मारावा. उंचीची भीती सगळ्यांनाच असते, ती पोकळ नाही म्हणून आकडा सांगते : फ्लुटिकासोन फ्युरोएट ११० मायक्रोग्रॅम वर्षभर रोज दिलेल्या मुलांची वाढ न दिलेल्यांपेक्षा वर्षाला सरासरी पाव सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली. मोमेटासोनच्या १०० मायक्रोग्रॅमवर वर्षभराच्या पाहणीत असा फरक दिसला नाही. म्हणून कमीत कमी डोस, गरजेपुरते महिने, आणि दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीला टाच लावून पेन्सिलची खूण. रात्रभर बंद नाक, तोंड उघडं ठेवून घोरणं, याने मुलांची झोप आणि भूक दोन्ही जातात, तेही तराजूत टाका. ती घोरत असेल तर ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ, बघून घ्या. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर स्प्रे नव्हे, आत काहीतरी अडकलंय असं समजून दाखवा. मणी, शेंगदाणा, आपल्या भागात सरकीसुद्धा.

तापीकाठ

औषधावर जाणकार बोललेच आहेत. मी जिनिंगच्या धुळीवर आणि आपल्या हवेवर बोलतो, कारण स्प्रे मारून तोंड उघडं ठेवून रेच्याजवळ उभं राहिलं तर एका हाताने सूज उतरवायची आणि दुसऱ्याने चढवायची असं होतं.

गमछा धूळ अडवतो असं वाटतं, पण बारीक कण त्याच्या विणीतून सहज जातात. एन९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी दाट असेल तर तो बाजूने गळतो. घरी आल्यावर आधी अंघोळ, कामाचे कपडे झोपायच्या खोलीबाहेर. नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं, तिखटाची धूळ नाकाला थेट झोंबते, ती नेहमीच ॲलर्जी नसते, तिथे स्प्रेचा गुण कमी येतो आणि मास्कचा जास्त. आणि पावसाळ्यानंतर बांधावरचं गाजर गवत फुलात असताना शिंका वाढत असतील तर दोष एकट्या कापसाला देऊ नका.

एक लक्षण विसरू नका भो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, पुढच्या दिवशी कमी होतो, असं असेल तर तो नाकाचा मामला राहिलेला नाही. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार असाच सुरू होतो. डॉक्टरांना हे वाक्य असंच्या असं सांगा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे छातीची तपासणी होते.

नाक धुण्याने सगळ्यात स्वस्तात फरक पडतो. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ. पाव लिटरला सपाट अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी, वर चिमूटभर खाण्याचा सोडा म्हणजे चुरचुरत नाही. पाणी खळखळ उकळी येऊन किमान एक मिनिट उकळलेलं आणि कोमट केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी पिण्याजोगं असलं तरी नाकात कच्चं नको. क्वचित त्यातला नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो, आणि तो आजार बहुतेक वेळा जीव घेतो. पिण्याने तो होत नाही, म्हणून लोकांना खरं वाटत नाही. कामावरून आल्यावर नाक धुवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग स्प्रे. उलटं केलं तर औषध मोरीत जातं. ताजं रक्त येतंय तोवर धुणं नको.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. बाटलीवर बहुधा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, उन्हाची भिंत टाळून, उभी ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. त्या दिवसांत नाक आधीच कोरडं असतं, त्यामुळे घोळणा फुटायचं प्रमाण वाढतं. कूलरच्या जुन्या, ओल्या गवताच्या जाळीला बुरशी धरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती बदला, नाहीतर रात्रभर बुरशी हुंगणं होतं.

जिनिंग_चोपडा

सगळ्यांचे आभार. उद्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन जातोय. वडिलांचा स्प्रे तूर्त नको. शेवटचं, हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. तोवर रोज मारायचा का? मेडिकलवाल्याने ॲझेलास्टिन मिसळलेला स्प्रे 'जास्त पॉवरचा' म्हणून सुचवलाय.

औषधवाला_धुळे

उद्याच्या भेटीत स्प्रे चालू ठेवायचं ठरलं, तर नीट पद्धतीने सलग दोन-तीन आठवडे मारून लक्षणं आटोक्यात आली की डॉक्टरांना विचारून प्रत्येक नाकपुडीत दोनऐवजी एक फवारा, म्हणजे ५५ मायक्रोग्रॅम. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. हंगामभर रोज चालतो, पण महिन्या-दोन महिन्यांनी नाकात उजेड टाकून पडदा बघून घ्यावा. हंगाम संपल्यावर बंद करताना हळूहळू कमी करावं लागत नाही, एकदम थांबवता येतो. फक्त इट्राकोनाझोलसारखी जोडी बरेच दिवस एकत्र झाली असेल तर विचारून. पुढच्या वर्षी जिनिंग सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी सुरू केला तर पहिल्या दिवशीच्या शिंकाच कमी होतील. दोन-तीन आठवडे नीट मारूनही फरक नसेल तर डोस वाढवू नका, निदान तपासा. पडदा वाकडा असेल तर तो स्प्रेने सरळ होत नाही.

ॲझेलास्टिन हे ॲलर्जीवरचं वेगळं औषध, स्टिरॉइड नव्हे; ते मिसळलेला स्प्रे ज्यांना साध्याने पुरत नाही त्यांच्यासाठी असतो. सकाळ-संध्याकाळ एक-एक फवारा, चव फार कडू, आणि काहींना झोप येते. रेच्याजवळ काम करणाऱ्याला झोप येणारं औषध पहिल्यांदा सुरू करायचं तर सुट्टीच्या आदल्या रात्री, सकाळच्या पाळीआधी नाही.

आणि बाटलीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार म्हणजे ३० दिवस, रोज दोन म्हणजे ६० दिवस. त्यानंतर हलवल्यावर आत पाणी वाजतं, पण फवाऱ्यात औषध किती येईल याचा भरवसा नसतो. वाजत असली तरी टाकून द्यायची.